अलिबागचे दिवस : आनंदीबाई जोशी यांच्या परदेशगमनाची पूर्वपीठिका

आनंदीबाई जोशी यांचे नाव उच्चारताच सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे येते ती ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याच्या बंदरातून सुटलेली आगबोट आणि तीवर पाऊल ठेवणारी अठरा वर्षांची ब्राह्मण विवाहिता. चरित्राचा सारा प्रकाश या प्रसंगावर आणि त्यानंतरच्या अमेरिकेतील मुक्कामावर पडतो. तो मुक्काम साडेतीन वर्षांहूनही कमी काळाचा होता. विवाह आणि हे प्रयाण यांच्यामध्ये मात्र नऊ वर्षांचे अंतर आहे. हा काळ लोकप्रिय चरित्रकथनात बहुधा दोन-चार वाक्यांत आटोपला जातो. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, कलकत्ता अशी गावांची माळ ओवली की तो संपतो. या माळेतील अलिबाग हे गाव अधिक लक्ष देण्याजोगे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आनंदीबाईंना अक्षरे आधीच भेटली होती. परंतु शिकणे हा त्यांच्या दिनक्रमाचा नियम झाला तो अलिबागेस, आणि त्या नियमाची किंमतही त्या तेथपासूनच मोजू लागल्या.

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव, आई गंगाबाई. घराणे एके काळचे संपन्न. पुढे मिळकत उतरणीला लागलेली, पण प्रतिष्ठेची जाणीव शाबूत. यमुनेचे बालपण लाडाकोडाचे नव्हते. आईचा हात सैल होता आणि शिक्षाही साध्या नसत, हे आनंदीबाईंनीच पुढे आपल्या अमेरिकन स्नेह्यांना कळविले आहे. मायेचा आधार आजीचा. कल्याण मात्र त्या वेळी झपाट्याने बदलत होते. १८५४ मध्ये तेथवर आगगाडी आली होती आणि यमुनेच्या जन्माच्या सुमारास भोर आणि थळ या दोन्ही घाटांतून लोहमार्ग वर चढले होते. गावाच्या एका टोकाला उत्तरेकडे व दक्षिणेकडे फुटणारे रूळ, तर घरात सोवळ्याओवळ्याची अढळ चौकट, असा तो विरोध होता.

याच गावात टपालखात्यात कारकून म्हणून गोपाळराव जोशी आले. ते मूळचे संगमनेरचे, प्रथमपत्नी वारलेली, वयाने यमुनेहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. पुनर्विवाह करायचा तर विधवेशीच करावा, असाही विचार त्यांनी केला होता. तो फळास आला नाही. ३१ मार्च १८७४ रोजी, नेमक्या नवव्या वाढदिवशी, यमुनेचा त्यांच्याशी विवाह झाला आणि ती आनंदी झाली. मुलीला शिकवू द्यावे, ही गोपाळरावांची लग्नापूर्वीचीच अट होती. हुंडा, मानपान, देणे-घेणे यांच्या वाटाघाटींत अशी अट घालणारा वर त्या काळी विक्षिप्तच ठरला असणार. सासरच्यांनी ती मान्य केली खरी. परंतु लग्नघरातील कबुली आणि नित्याच्या संसारातील सोय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कल्याणच्या एकत्र कुटुंबात जावई मुलीला पाटी देऊन बसवतो, हे वडीलधाऱ्यांना रुचेना. तेव्हा गोपाळरावांनी अलिबागला बदली करून घेतली आणि आनंदीबरोबर तिची आजीही तेथे गेली.

या बदलीकडे केवळ नोकरीतील स्थित्यंतर म्हणून पाहता येत नाही. अलिबाग तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. (या जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले.) कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची ही भूमी, १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले, तरी समोर समुद्रात कुलाबा किल्ला उभाच होता. ओहोटीला तेथवर पायी जावे आणि भरतीला तो पाण्याने वेढून जावा, असा त्याचा नित्यक्रम आजही चालू आहे. गावाभोवती नारळी-पोफळीच्या वाड्या, पलीकडे भातखाचरे व मिठागरे, किनाऱ्याला कोळीवाडे. शनवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेने इस्रायलांची जुनी वस्तीही येथे होती. मुंबई पाण्यापलीकडे असली, तरी पावसाळा सुरू झाला की गलबतांची वाहतूक थांबे आणि ती एकदम दूर जाई. आगगाडीच्या गावातून आलेल्या मुलीला हे गाव एका परीने मागे नेणारे होते. गोपाळरावांना मात्र नेमके तेच हवे होते. नातेवाइकांचे जाळे तुटले होते आणि कचेरीच्या निमित्ताने आलेल्या परगावच्या माणसाच्या घरात कोण काय करते, याची चौकशी करण्याचा अधिकार कोणा वडीलधाऱ्यास उरला नव्हता.

त्या घरातील दिवसाचे स्वरूप कसे असावे? टपालकचेरीतील कारकुनाचा पगार बेताचा. घरात माणसे तीन. त्यांपैकी एक वृद्ध, एक दहा-अकरा वर्षांची. पाणी, सारवण, निवडणे-टिपणे, चूल यांतून त्या वयाच्या विवाहित मुलीला सुटका नसे, पण आजीमुळे हा भार वाटला गेला. आजी सोबत होती म्हणून आनंदीला अभ्यासाला वेळ मिळाला, हे साधे गणित चरित्रकारांनी पुरेसे मांडलेले नाही. शिक्षणाचे श्रेय पतीच्या आग्रहाला दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु नातीला पुस्तकापाशी बसू देऊन स्वतः चुलीपाशी बसणाऱ्या त्या निरक्षर पिढीचाही त्यात वाटा आहे. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात अशा आज्या कोठेच येत नाहीत.

अलिबागेस आनंदीने मराठी वाचन-लेखनात लवकर गती मिळविली. पुढे संस्कृत आणि इंग्रजी यांची भर पडली. येथे तत्कालीन परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली होती आणि मुंबईतही त्याच सुमारास मुलींच्या शाळा निघाल्या होत्या. परंतु विवाहित ब्राह्मण मुलीला पुढील शिक्षण देणारी सोय तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी नव्हती. पुण्याची हुजूरपागा उघडली ती १८८४ साली. तेव्हा आनंदीबाई फिलाडेल्फियात वैद्यकाचा अभ्यास करीत होत्या. अशा काळात नवऱ्याने रात्री कंदिलाच्या उजेडात घेतलेला धडा हीच शाळा. रमाबाई रानडे यांचे शिक्षण असेच झाले, काशीबाई कानिटकरांचेही. ही पतिशाळा म्हणावी तर तिचे गुणदोष ठरलेले आहेत. गुरू आणि धनी एकच असल्यामुळे विद्यार्थिनीला तक्रारीस जागा नाही, सुट्टी नाही, आणि धडा चुकला तर होणारा राग हा शिक्षकाचा की पतीचा, हे ठरविण्याचे साधन नाही.

गोपाळरावांच्या बाबतीत हा प्रश्न तीव्रतेने उभा राहतो. आनंदी अभ्यास सोडून स्वयंपाकघरात आढळली म्हणून त्यांनी तिला मारले, अशी आख्यायिका सर्वश्रुत आहे आणि ती बहुधा कौतुकमिश्रित हास्याने सांगितली जाते. इतर नवरे स्वयंपाक बिघडला म्हणून मारीत, हा स्वयंपाक केला म्हणून मारी, असा त्यातील विनोद. या विनोदाला आनंदीबाईंनीच उत्तर देऊन ठेवले आहे. अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपल्या वाट्याला आलेल्या वागणुकीचा हिशेब वयानुसार मांडला : दहा वर्षांची असताना लाकडाच्या तुकड्यांचा मार, बारा वर्षांची असताना अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तके, चौदाव्या वर्षी टाकून देण्याची धमकी. यातील पहिली नोंद कल्याण सुटल्यानंतरच्या, अलिबागच्या आसपासच्या काळाशी जुळते. म्हणजे ज्या दिवसांत अक्षरे पक्की झाली त्याच दिवसांत हा मारही झाला. पत्राचा सूर कडवट नाही, आणि म्हणूनच ते अस्वस्थ करते. ही वागणूक चांगली म्हणावी की वाईट, हे ठरविणे आपल्याला अवघड जाते, दोन्ही म्हणावे लागेल, असा त्यांचा आशय आहे. हेतूकडे पाहता ती योग्य ठरेल, पण बालमनावर होणाऱ्या परिणामाकडे पाहता अयोग्य, असा भेद त्यांनी केला आहे. एकोणिसाव्या शतकातील एका मराठी स्त्रीने आपल्या उपकारकर्त्याविषयी इतक्या तोलून केलेले विवेचन दुर्मिळ म्हणावे लागेल.

गोपाळरावांना केवळ जुलमी ठरविणारे आणि केवळ द्रष्टे ठरविणारे, असे दोन पक्ष मराठी वाचकांत आजही आहेत. या पत्रापुढे दोन्ही पक्ष अपुरे पडतात. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने या दांपत्याला घराघरात नेले. परंतु कादंबरीत संघर्षाला नाट्यरूप मिळते आणि वाचक पतीच्या विक्षिप्तपणात रमतो. पत्रातील मुलगी आपले वय मोजीत राहते.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळीच वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, ही खंत त्यांच्या मनात राहिली, आणि वैद्यकाकडे वळण्याचे कारण म्हणून चरित्रकार याच घटनेकडे बोट दाखवितात. ते बरोबर आहे. मात्र शोक अनेकींना होत असे. घरोघरी पाळणे रिकामे होत. त्या शोकाला अभ्यासाचा मार्ग सापडण्यासाठी आधी अभ्यासाची सवय लागते, आणि ती सवय अलिबागची होती. पुरुष वैद्याकडे जाण्याचा संकोच आणि सुईणीचे मर्यादित ज्ञान यांच्यामध्ये स्त्रियांचे जीव जातात, हे त्यांना उमगले. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्येच स्त्रियांना दार उघडले होते; तरी घर सोडून एकटीने राहणाऱ्या हिंदू विवाहितेला तेथेही आश्रय सोपा नव्हता.

अलिबागनंतरचा प्रवास भराभर झाला. कोल्हापुरात असताना १८७८ साली गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिले. प्रिन्स्टनहून निघणाऱ्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात तो पत्रव्यवहार छापला गेला. त्यासोबतच्या उत्तरात मदतीऐवजी धर्मांतराचा उपदेश होता. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता तो अंक चाळला आणि आनंदीबाईंना आपण होऊन लिहिले. टपालखात्यातील माणसाच्या बायकोचे नशीब टपालानेच पालटावे, यात काव्यात्म योगायोग शोधण्याची गरज नाही. जगात कोठेही पत्र पोहोचते, हा विश्वास त्या घरात रोजच्या भाकरीइतका परिचित होता. इतर कारकुनांच्या घरी पत्र म्हणजे सुतक वा लग्न. या घरी ते काम होते.

मुंबईत आनंदीबाई काही काळ मिशनच्या शाळेत गेल्या. रस्त्याने पुस्तके घेऊन जाणारी ब्राह्मण स्त्री हा टिंगलीचा विषय होई. अलिबागच्या चार भिंतींत जे निर्वेध चालले ते शहराच्या उघड्या रस्त्यावर आले, तेव्हा त्याला समाज भेटला. नंतर भुज, आणि १८८१ मध्ये कलकत्ता. तेथे बंगाली शेजाऱ्यांनाही पतीबरोबर उघडपणे फिरणारी ही मराठी स्त्री चमत्कारिक वाटे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. अमेरिकेलाच का जायचे, एकटीने का, समाजाने बहिष्कार घातला तर काय, अशा शंका त्यांनी एकामागून एक घेतल्या आणि उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, ही त्यांची ग्वाही होती. या भाषणाची मांडणी पाहिली की आक्षेप नीट ऐकून घेऊन त्याचे तुकडे करण्याची शिस्त जाणवते. तापट शिक्षकापुढे उत्तर चुकू नये म्हणून लहानपणी अंगी बाणलेली सावधगिरी येथे युक्तिवादाच्या रूपात आली असावी, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

पुढील वृत्तांत परिचित आहे. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी पदवी. समारंभास इंग्लंडहून आलेल्या पंडिता रमाबाई उपस्थित. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा प्रबंधाचा विषय. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी, त्या निवर्तल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

चरित्रे लगोलग निघाली. कॅरोलिन हीली डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बॉस्टनहून आणि काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र १८८९ मध्ये. काशीबाईंचा ग्रंथ हा एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीचे लिहिलेले आरंभीचे चरित्र म्हणून वाङ्मयेतिहासात मानाचा आहे. त्याचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की लेखिका आणि नायिका एकाच पद्धतीने शिकलेल्या होत्या. काशीबाईही लहान वयात विवाहित, शाळेत न गेलेल्या, पतीच्या घरी वाचायला शिकलेल्या. डॉल यांना हे सारे दूरदेशीचे नवल होते. काशीबाईंना ते स्वतःच्या माजघरातून माहीत होते. नायिकेची पत्रे त्यांनी चरित्रात समाविष्ट केली आणि तिचा आवाज तिच्यापाशी राहू दिला. आनंदीबाई निघून गेल्या तेव्हा काशीबाई बावीस वर्षांच्या आसपास होत्या, वयाने त्यांच्याहून चार वर्षांनी मोठ्या, आणि त्यांनी त्यानंतर आणखी पासष्ट वर्षे महाराष्ट्रातच काढली.