परक्या मैदानावरचा चाकरमानी : सुभाष गुप्ते

पिकते तेथे विकत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण आपण शेतमालाविषयी वापरतो, कधी कलावंतांविषयीही वापरतो. परंतु भारतीय क्रिकेटच्या इतिहासातील एका थोर गोलंदाजाच्या आयुष्याला ती जशी तंतोतंत लागू पडते, तशी क्वचितच कोणाच्या आयुष्याला लागू पडत असेल. त्या गोलंदाजाचे नाव सुभाष गुप्ते. आजच्या तरुण पिढीला हे नाव फारसे परिचित नसेल. परंतु पन्नासच्या दशकात जगातील उत्कृष्ट लेगस्पिन गोलंदाज म्हणून त्यांच्याकडे पाहिले जात होते. वेस्ट इंडीजचे महान खेळाडू गॅरी सोबर्स यांनी तर अखेरपर्यंत त्यांना या प्रकारातील सर्वश्रेष्ठ गोलंदाज मानले.

सुभाष गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत झाला. शरीरयष्टी सडपातळ, चण लहान. वेगवान गोलंदाजाला लागणारी ताकद त्यांच्यापाशी नव्हती; मात्र मनगट आणि बोटे यांची अद्भुत देणगी त्यांना लाभली होती. चेंडू हवेत उंच तरंगत जावा, फलंदाजाला पुढे येण्याचा मोह पडावा आणि ऐन वेळी चेंडूने दिशा बदलून त्याला चकवावे, ही त्यांची हातोटी. लेगस्पिन टाकता टाकता ते गुगली टाकत, आणि तीही एक नव्हे, दोन प्रकारची. १९४८-४९ मध्ये भारतात आलेल्या वेस्ट इंडीज संघातील फिरकी गोलंदाज विल्फ्रेड फर्ग्युसन यांच्यावरून त्यांना 'फर्गी' हे टोपणनाव पडले, आणि ते त्यांना आयुष्यभर चिकटले. त्यांचे धाकटे बंधू बाळू गुप्ते हेही पुढे भारताकडून कसोटी सामने खेळले.

इंग्लंडविरुद्ध कोलकाता येथे १९५१ च्या अखेरीस सुरू झालेल्या सामन्यात त्यांनी कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. पण त्यात त्यांना एकही बळी मिळाला नाही, आणि १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांची निवडही झाली नाही. त्यांचे खरे तेज प्रकट झाले ते १९५२-५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात. भारतीय संघ प्रथमच त्या बेटांवर गेला होता आणि विजय हजारे संघाचे नेतृत्व करीत होते. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे तीन दिग्गज फलंदाज समोर असताना गुप्ते यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले. याच दौऱ्यात त्रिनिदादमध्ये त्यांची कॅरोल नावाच्या तरुणीशी ओळख झाली, आणि पुढे तीच त्यांची सहधर्मचारिणी झाली.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी भारतासाठी खेळणे हा मान होता, पोटापाण्याचा व्यवसाय नव्हता. खेळाडूला सामन्यापुरता भत्ता मिळे. वर्षभराचे वेतन, करार, जाहिराती असे काही नसे. कोणी संस्थानिकांच्या आश्रयाने राहत, तर कोणी कचेरीत नोकरी करून सुटी मिळेल तसे खेळत. ज्याला खेळावरच उदरनिर्वाह करायचा असेल, त्याच्यापुढे मुख्यतः एकच वाट होती, आणि ती इंग्लंडमधील लँकाशायर परगण्याकडे जात होती.

लँकाशायर म्हणजे सूतगिरण्यांचा मुलूख. तेथील लहान लहान गिरणीगावांनी १८९२ साली आपली एक क्रिकेट लीग उभी केली होती. प्रत्येक गावाचा एक क्लब, आणि क्लबच्या अकरा खेळाडूंपैकी दहा जण गावातले हौशी खेळाडू. आठवडाभर गिरणीत, दुकानात किंवा कचेरीत राबायचे आणि शनिवारी दुपारी मैदानावर उतरायचे, हा त्यांचा शिरस्ता. अकरावा खेळाडू मात्र पगारी असे. क्लब त्याला पैसे देऊन बाहेरून, पुष्कळदा सातासमुद्रापलीकडून आणत असे. त्याला नुसते 'प्रो' म्हणत. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ पासून नऊ हंगाम नेल्सन या गावाकडून असेच खेळले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी लाला अमरनाथ हेही नेल्सनचे प्रो होते. विनू मंकड हॅस्लिंग्डनकडून खेळत असत. १९५२ मध्ये भारतीय संघ इंग्लंडमध्ये अडचणीत सापडला, तेव्हा या क्लबने त्यांना मोकळे केले म्हणूनच ते लॉर्ड्स कसोटीत उतरू शकले. त्या सामन्यात त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या व पाच बळी घेतले, हे सर्वश्रुत आहे.

अशाच रिश्टन या गिरणीगावाने १९५४ च्या सुमारास सुभाष गुप्ते यांना प्रो म्हणून आणले, आणि पुढे काही हंगाम ते तेथे खेळले. कोकणातील वाचकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, बोटींवर गेली, पुढे आखाती देशांत गेली. घर एकीकडे आणि चूल दुसरीकडे, ही चाकरमान्याची रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. गुप्ते हेही एका अर्थाने चाकरमानीच होते. फरक इतकाच, की आपली माणसे गिरणीत सूत कातण्यास गेली आणि ते गिरणीकामगारांसमोर चेंडू टाकण्यास गेले.

ही चाकरी दिसते तितकी सोपी नव्हती. त्या वेळी महायुद्ध संपून नऊ वर्षे झाली होती, तरी ब्रिटनमधील मांसावरचे रेशनिंग १९५४ च्या जुलैपर्यंत चालूच होते. उन्हाळा म्हणावा असा उन्हाळा नाही, पावसाची रिपरिप, ओली व संथ खेळपट्टी, आणि थंडीने आखडलेली बोटे. फिरकी गोलंदाजाचे सारे भांडवल बोटांतच असते, हे लक्षात घेतले म्हणजे या कष्टाची कल्पना येईल. त्यातच संपूर्ण गावाची नजर एकट्या प्रोवर असे. सामना जिंकला तर तो गावाने जिंकला, आणि हरला तर प्रो कमी पडला, असा तेथील न्याय होता. सामन्याव्यतिरिक्त त्याने क्लबच्या मुलांना खेळ शिकवावा अशीही अपेक्षा असे.

मात्र या व्यवस्थेत एक सरळपणा होता. प्रोने अर्धशतक झळकावले किंवा डावात ठरावीक बळी घेतले, की प्रेक्षकांतून टोपी वा डबा फिरवला जाई आणि गिरणीकामगार आपल्या खिशातील नाणी त्यात टाकत. ती भीक नव्हे. ते श्रमिकांनी एका श्रमिकाचे केलेले कौतुक होते. काम चांगले झाले तर त्याचे मोल त्याच दुपारी हातात पडे. रंग, देश वा जात यांचे प्रश्न तेथे मुळीच नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु शनिवारच्या त्या मैदानावर माणसाची पारख प्रथम त्याच्या कामावरून होत होती.

इकडे मायदेशातही गुप्ते यांची कामगिरी उंचावत होती. १९५४-५५ च्या हंगामात मुंबईत पाकिस्तानच्या एका पाहुण्या संघाविरुद्ध त्यांनी ७८ धावांत डावातील दहाही बळी टिपले. प्रथम श्रेणीच्या सामन्यात असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय होत. त्याच हंगामातील पाकिस्तान दौऱ्यात त्यांनी २१ कसोटी बळी घेतले. पुढच्या वर्षी न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी ३४ बळी घेतले, आणि भारताने ती मालिका २-० अशी जिंकली.

डिसेंबर १९५८ मध्ये कानपूर येथे वेस्ट इंडीजचा पहिला डाव २२२ धावांत आटोपला. त्यात १०२ धावांत ९ बळी एकट्या गुप्ते यांचे होते. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय ठरले. यष्टिरक्षकाच्या हातून लान्स गिब्ज यांचा झेल सुटला नसता तर दहावाही बळी त्यांना मिळाला असता. इतके होऊनही भारत तो सामना हरला. उत्तम चेंडू टाकावा, झेल सुटावा, आणि तरीही पुढच्या चेंडूसाठी निमूटपणे पुन्हा आपल्या जागी परतावे, हे त्यांच्या खेळात वारंवार घडले.

परंतु त्यांच्यावर कोसळलेले सर्वांत मोठे संकट मैदानावरचे नव्हते. १९६१ च्या डिसेंबरात इंग्लंडचा संघ भारतात होता. कानपूरच्या दुसऱ्या कसोटीत गुप्ते यांनी ९० धावांत ५ बळी घेतले आणि भारताविरुद्ध इंग्लंडवर प्रथमच फॉलोऑनची नामुष्की आली. तिसरी कसोटी दिल्लीत होती. तेथील इंपीरियल हॉटेलात गुप्ते एका सहकारी खेळाडूसोबत एकाच खोलीत उतरले होते. त्या सहकाऱ्याने हॉटेलातील स्वागतकक्षातील एका महिला कर्मचाऱ्याला दूरध्वनी करून आपल्यासोबत येण्याविषयी विचारले. तिने संघ व्यवस्थापकांकडे तक्रार केली. तिची तक्रार रास्तच होती; कामावर असलेल्या स्त्रीचा मान राखला गेलाच पाहिजे. परंतु फोन गुप्ते यांनी केला नव्हता. तरीही खोली एक म्हणून दोषही एक, असे ठरवून दोघांनाही संघातून वगळण्यात आले. सोबत्याला तुम्ही का रोखले नाही, असा प्रश्न गुप्ते यांना विचारण्यात आला. प्रौढ माणसाने उचललेला फोन दुसऱ्या प्रौढ माणसाने कसा रोखावा, याचे उत्तर मात्र कोणाकडे नव्हते.

त्या वेळी गुप्ते अवघे ३२ वर्षांचे होते. फिरकी गोलंदाजाची खरी परिपक्वता याच वयात येते. दिल्लीची कसोटी त्यांची अखेरची ठरली. भारताने कोलकाता आणि मद्रास येथील पुढील दोन्ही कसोटी जिंकून इंग्लंडविरुद्ध पहिला मालिका विजय मिळवला, तेव्हा त्या आनंदात गुप्ते नव्हते. १९६२ च्या आरंभी संघ वेस्ट इंडीजला गेला, त्यातही त्यांना स्थान दिले गेले नाही. जी बेटे त्यांच्या कीर्तीची जन्मभूमी आणि त्यांच्या पत्नीचे माहेर होती, तेथेच भारत पाचही कसोटी हरला.

३६ कसोटींत १४९ आणि प्रथम श्रेणीत ५३० बळी, एवढा संचय मागे ठेवून गुप्ते त्रिनिदादला कायमचे स्थायिक झाले. तेथे काही काळ ते खेळले, साखर उद्योगात नोकरी केली आणि संसार उभा केला. उत्तरायुष्यात त्यांचे चालणे अशक्य होऊन त्यांना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. भारतीय क्रिकेट मंडळाने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार देऊन त्यांचा सन्मान केला तो २००० साली. अन्यायाला तोवर जवळजवळ चार दशके लोटली होती. ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे त्यांचे निधन झाले.

प्रिय वाचकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? क्रिकेट मंडळे मोठी असतात, पण असे निवाडे लहान जागीही रोज होत असतात. शाळेत, कचेरीत, सहकारी सोसायटीत, आपल्या कुटुंबातसुद्धा. एकाच्या चुकीसाठी शेजारी बसलेल्यालाही दोषी धरणे सोयीचे असते, कारण त्यात खोलात शिरावे लागत नाही. शिक्षा देणारा दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला लागतो. ज्याला शिक्षा झाली त्याचे मात्र उरलेले आयुष्य त्या एका निर्णयाने वळण घेते. चूक नेमकी कोणाची आणि कितपत, हे तपासण्यास एक दिवस अधिक लागला असता तर भारताने आपला सर्वोत्तम लेगस्पिन गोलंदाज गमावला नसता.

रिश्टनच्या गिरणीकामगारांना गुप्ते यांचे कूळ, भाषा वा गाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते फक्त चेंडू पाहत होते आणि चेंडू उत्तम पडला की नाणे टाकत होते. घरच्या माणसांकडून एवढीही पारख न व्हावी, ही खंत मनात राहते. आपल्या गावातून आज परमुलखात राबणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याच्या वाट्याला तेथे योग्य मोल आणि परतल्यावर येथे योग्य मान यावा, एवढी अपेक्षा आपण नक्कीच बाळगू शकतो; आणि ती पूर्ण करण्याचा अर्धा भाग आपल्याच हाती आहे.