बाझल की पीटर्सबर्ग?

१७२६. लिओनार्ड ऑयलर १९ वर्षांचा. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीतून ऑफर आली, पण शरीरक्रियाशास्त्राची! हा तर पक्का गणितवाला. शहरही त्याच्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठं. उलट बाझलचं विद्यापीठ १४६० चं. घर, गुरू सगळं तिथेच. त्यात तिथे भौतिकशास्त्राची प्राध्यापकी रिकामी झालेली. पठ्ठ्याने रशियाला होकार कळवला, पण निघायचं वसंतावर ढकललं. बाझलमध्ये अर्ज टाकला आणि वैद्यकाची पुस्तकंही उघडली, न जाणो! अर्ज फेटाळला गेला. एप्रिल १७२७ मध्ये तो निघाला. पीटर्सबर्गला मित्र डॅनिएल बर्नुली होताच. ऑयलरला गणितातच जागा मिळाली. १७३३ मध्ये डॅनिएल कंटाळून बाझलला परतला. त्याची खुर्ची ऑयलरला मिळाली. तो मात्र बाझलला पुन्हा कधीच गेला नाही.