अननसाच्या वासापासून ओबीडी पोर्टपर्यंत : आरी हागेन-स्मिट

स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला १६ पिनचं एक पोर्ट असतं. त्यात अडॅप्टर लावला की लॅपटॉपवर गाडीचे फॉल्ट कोड दिसतात. हेच ते ओबीडी पोर्ट. मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा, की फुकटचं सॉफ्टवेअर इंजिनचे कोड बरोबर वाचतं, मग एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा लागला की गप्प का बसतं? याचं उत्तर एका रसायनशास्त्रज्ञाच्या आयुष्यात सापडतं.

आरी हागेन-स्मिट यांचा जन्म १९०० सालचा, नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा. शिक्षणही तिथलंच. १९३० च्या दशकात ते अमेरिकेत आले आणि कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत रमले. काम काय, तर वनस्पतींची रसायनं. अननसाला वास कशामुळे येतो हे ते शोधत होते. वास हवेत असतो, म्हणून ती हवा अतिथंड नळीतून न्यायची, तिच्यातले पदार्थ गोठवायचे आणि मग तपासायचे, अशी त्यांची पद्धत.

तेव्हा लॉस एंजेलिसला धुरकटाने ग्रासलं होतं. १९४३ च्या उन्हाळ्यात तर लोकांना शत्रूने विषारी वायू सोडला की काय अशी शंका आली होती. डोळे चुरचुरायचे, पिकांची पानं करपायची. हागेन-स्मिट यांनी अननसाची युक्ती शहराच्या हवेवर वापरली. हाती आले ते उग्र वासाचे, तपकिरी द्रवाचे थोडेसे थेंब. त्यावरून त्यांनी साखळी जुळवली: गाड्यांमधून आणि तेल उद्योगातून सुटणारं न जळलेलं इंधन, अधिक नायट्रोजनचे ऑक्साइड, अधिक ऊन, म्हणजे ओझोन. रबराची पट्टी वाकवून या हवेत ठेवली तर तिला तडे जातात, हेही त्यांनी मोजमापासाठी वापरलं. मला ही आयडिया फार आवडते. सेन्सर नव्हता, तर रबरच सेन्सर केला!

तेल कंपन्यांच्या पैशावर संशोधन करणाऱ्यांनी त्यांचा निष्कर्ष चूक ठरवला, तोही कॅलटेकमध्येच भाषण देऊन. हागेन-स्मिट चिडले. माझ्या मते हा राग नसता तर ते बहुधा परत वनस्पतींकडे वळले असते. त्यांनी उलट धुरकटालाच वाहून घेतलं आणि १९५२ मध्ये सगळी साखळी छापून मांडली.

१९६८ मध्ये कॅलिफोर्नियाचं हवा मंडळ, म्हणजे कार्ब, स्थापन झालं आणि गव्हर्नर रेगन यांनी त्यांना पहिलं अध्यक्ष केलं. १९७३ मध्ये रेगन यांनीच त्यांना हटवलं. अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक त्याच वर्षीचं! १९७७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने ते गेले.

ओबीडी त्यांनी पाहिलं नाही. पण १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःचे दोष ओळखावेत ही सक्ती केली ती त्यांच्याच कार्बने. पुढे ओबीडी-२ आलं आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना एकच पोर्ट, एकसारखे कोड. आपल्याकडे ते बीएस-४ च्या काळात आलं.

आता लॅपटॉपवरचे कोड बघा. पी०३०० म्हणजे मिसफायर: सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, म्हणजे न जळलेलं इंधन बाहेर. पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कमी पडतोय. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक ऑक्सिजन सेन्सर असतो. ग्राफ लावून बघा: पुढच्याची रेघ सतत वरखाली होते, मागच्याची जवळपास सपाट राहायला हवी. मागचीही तशीच नाचायला लागली तर कन्व्हर्टर थकलाय, किंवा सायलेन्सरच्या पाइपात गळती आहे. म्हणून कोड दिसला की लगेच महागडा कन्व्हर्टर बदलू नका, आधी गळती तपासा. आणि नुसता कोड पुसलात तर दिवा तात्पुरता विझेल, दोष असेल तर थोड्या फेऱ्यांनंतर परत येईल.

म्हणजे कायद्याने सगळ्यांना सारखं ठेवायला लावलं ते धुराशी संबंधित तेवढंच. ब्रेक, एअरबॅग, पॉवर विंडो यांचा धुराशी संबंध नाही, त्यामुळे त्यांची भाषा प्रत्येक कंपनीने आपापली ठेवली. एबीएसचा दिवा लागला असेल तर तुमच्या कंपनीच्या गाड्यांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर आणि त्याला चालणारा अडॅप्टर आहे का, हे विकत घेण्याआधीच बघा.