मटियाबुर्जची भैरवी

मैफल भैरवीने संपविण्याचा आपल्याकडे शिरस्ता आहे आणि ‘बाबुल मोरा’ या ठुमरीची फर्माईश त्या वेळी पुष्कळदा होते. परंपरा जिचे कर्तृत्व ज्यांच्याकडे देते त्या वाजिद अली शहांची इतिहासाच्या पुस्तकांत मात्र एका वाक्यात बोळवण होते : नाचगाण्यात रमले, म्हणून राज्य गमावले.

१८२२ साली जन्मलेले वाजिद अली १८४७ मध्ये अवधच्या गादीवर आले. त्यापूर्वीच, युवराज असताना, राधा-कृष्णाच्या कथेवर नाटक रचून त्यांनी ते लखनौत रंगमंचावर आणले होते. ‘अख्तर’ या नावाने ते काव्य करीत. कथ्थक आणि ठुमरी त्यांच्या आश्रयाने बहरली. कारभाराकडे त्यांचे दुर्लक्ष झाले नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु १८०१ च्या तहात वेलस्लीने निम्मा मुलूख घेतला आणि अवधच्या नबाबांकडून कंपनीने वेळोवेळी मोठी कर्जे उचलली, याचा जाब कोणी विचारावा? १८५६ च्या फेब्रुवारीत डलहौसीने गैरकारभाराचे निमित्त करून राज्य खालसा केले. वाजिद अलींनी नव्या तहावर सही केली नाही. डोक्यावरची पगडी मात्र उतरवून रेसिडेंट औट्रम यांच्या हाती ठेवली.

मार्चमध्ये ते कलकत्त्याकडे निघाले. त्यांच्या आईने थेट राणी व्हिक्टोरियाकडे दाद मागण्यासाठी लंडन गाठले. न्याय मिळाला नाही, आणि परतीच्या वाटेवर १८५८ मध्ये पॅरिसला त्यांचा देह पडला. स्वतः नबाब बंडाच्या काळात फोर्ट विल्यममध्ये कैदेत होते.

ठुमरीत वधू पित्याचे घर सोडते. पालखी उठते, आपले परके होतात. जात्यावरच्या ओवीतून माहेर आळवणाऱ्या मराठी मनाला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. पण सासुरवाशिणीला निदान सणाला तरी मुऱ्हाळी येतो. या राजाला नेण्यास कोणी येणार नव्हते. स्त्रीच्या मुखाने बोलण्याचा ठुमरीचा संकेत त्याच्या विरहाला चपखल बसला, आणि म्हणूनच त्यात तक्रारीचा सूर नाही.

वर्षाला बारा लाखांच्या तनख्यावर त्यांनी हुगळीकाठच्या मटियाबुर्जला धाकटे लखनौ वसविले; इमामबाडा, प्राणिसंग्रह, गवई, नर्तक, सारे काही. खऱ्या लखनौचे दर्शन पुन्हा घडले नाही. १८८७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. १९३८ साली ‘स्ट्रीट सिंगर’ या चित्रपटासाठी सैगलांनी ही ठुमरी गायिली, तीही न्यू थिएटर्सच्या कलकत्त्यातच.