आगरकर आणि टिळक : मैत्रीतला पेच वर्गात मांडताना



बी.एड.ला कोहलबर्गच्या नैतिक विकासाच्या अवस्था आपण पाठ केल्या. तीन स्तर, सहा अवस्था, आणि बायकोसाठी औषध चोरणारा तो हाइन्झ. खरं सांगायचं तर आपल्या मुलांना हाइन्झ परका वाटतो. त्याऐवजी गोपाळ गणेश आगरकरांचं आयुष्य घेऊन बघा.

कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी, मिळेल ते काम करत शिक्षण. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात टिळक भेटले आणि दोघांनी ठरवलं, सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाला वाहून घ्यायचं. न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८१ मध्ये केसरी निघाला आणि आगरकर त्याचे संपादक झाले. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. एवढी घट्ट मैत्री!

आणि तरीही ती तुटली. आगरकरांना समाजसुधारणा आधी हवी होती, त्यासाठी कायदा झाला तरी चालेल असं त्यांचं मत. टिळकांना परक्या सरकारने आपल्या चालीरीतींत हात घालणं मान्य नव्हतं. केसरी सगळ्या सहकाऱ्यांचा, त्यामुळे आगरकरांना मन मोकळं करून लिहिता येईना. १८८७ मध्ये त्यांनी केसरी सोडला आणि पुढच्या वर्षी सुधारक काढला. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते लिहीत राहिले.

इथे थांबा आणि मुलांना विचारा, आगरकरांनी काय करायला हवं होतं? मित्र दुखावेल म्हणून गप्प बसावं, असं कुणी म्हणेल. ही तिसरी अवस्था. पत्र सगळ्यांचं, तर सगळ्यांनी ठरवलेलं पाळावं, ही चौथी. पटलेलं तत्त्व सांगायलाच हवं, हे त्याही पुढचं. पण केसरी सोडावा असं म्हणणारा मुलगा आपोआप वरच्या पायरीवर जात नाही हं! स्वतःचं पत्र काढलं की आपलं नाव होईल, असं त्याचं कारण असेल तर तो दुसऱ्याच अवस्थेत आहे. उत्तर एकच, कारण वेगळं. म्हणून गुण द्यायची घाई नको, का ते विचारत राहा.

टिळकांना खालच्या पायरीवर बसवू नका, तेही तत्त्वानेच वागत होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत पगारवाढीचा आणि बाहेरच्या कमाईचा वाद झाला तेव्हा टिळक त्यागाच्या मूळ व्रताला धरून राहिले आणि १८९० मध्ये बाहेर पडले. समोर मात्र सहकाऱ्यांचे संसार होते, आगरकरांचा दमा होता. माणसांची काळजी घेणं हीसुद्धा नैतिकताच, असं कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये कोहलबर्गला सुनावलं. या वादावर त्यांचा मुद्दा मुलांना लगेच कळतो.

१७ जून १८९५ रोजी, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असताना, आगरकर गेले. वय अवघं ३८. केसरीतला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. त्यात काय आहे ते लगेच सांगू नका. टिळकांच्या जागी बसून मुलांनाच आधी लिहू द्या.