एका आकड्यावरून माणूस ‘मंदबुद्धी’ ठरायचा, वेक्सलर यांनी तो हिशोबच बदलला

गोष्ट आहे १९१८ सालची. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती. भरती झालेल्या लाखो तरुणांपैकी कुणाला कुठं लावायचं, हे ठरवायला लष्कर बुद्धिमत्ता चाचण्या घेत होतं. त्यात जे नापास व्हायचे, त्यांना एकेकट्याला बसवून पुन्हा तपासलं जायचं. टेक्सासमधल्या कॅम्प लोगनमध्ये हे काम करत होता बावीस वर्षांचा डेव्हिड वेक्सलर.

त्याला एक गोष्ट खटकली. कागदावर ज्यांची अक्कल लहान मुलाएवढी दिसत होती, त्यातले काहीजण गावाकडं व्यवस्थित कमावत होते, संसार चालवत होते. मग चुकीचं कोण होतं, माणूस की चाचणी?

वेक्सलर स्वतः स्थलांतरित घरातला. १८९६ मध्ये रोमानियातल्या ज्यू कुटुंबात जन्म, सात भावंडांत सगळ्यात धाकटा. सहा वर्षांचा असताना घरच्यांनी न्यूयॉर्क गाठलं. पुढं कोलंबिया विद्यापीठात १९१७ मध्ये त्याने एमएचा प्रबंध लिहिला तो कोर्साकॉफ आजाराच्या रुग्णांवर. दारूच्या अतिरेकामुळे होणाऱ्या या आजारात नवीन काही लक्षातच राहत नाही. थोडक्यात, आजारी मनाची स्मरणशक्ती मोजायची कशी, हा प्रश्न त्याच्या डोक्यात सुरुवातीपासून होता.

१९३२ मध्ये वेक्सलर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू मनोरुग्णालयात मुख्य मानसशास्त्रज्ञ झाले. इथं येणारे रुग्ण नाना देशांचे, नाना भाषा बोलणारे. कुणी शिकलेलं, कुणी अंगठेबहाद्दर. आणि हाताशी असलेल्या चाचण्या मात्र मुळात शाळकरी पोरांसाठी बनवलेल्या.

त्यांचा हिशोबही गमतीचा होता. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. मुलांपुरतं ठीक, पण वय वाढतं तसं मानसिक वय वाढत नाही. मग चाळिशीचा माणूस या गणितात आपोआप कमी पडणार!

वेक्सलर यांनी हे गणितच बदललं. माणसाची तुलना त्याच्याच वयोगटातल्या लोकांशी करायची आणि त्या गटाची सरासरी शंभर धरायची. १९३९ मध्ये त्यांची वेक्सलर-बेलव्ह्यू चाचणी आली. एकच मोठा पेपर काढण्याऐवजी त्यांनी छोट्या छोट्या चाचण्यांचा संच केला. काही तोंडी, जसं की शब्दांचे अर्थ सांगणं, आकडे उलटसुलट म्हणणं. काही हातांनी करायच्या, जसं की ठोकळ्यांची नक्षी जुळवणं, आकड्यांसमोर ठरलेली चिन्हं भराभर भरणं. त्यामुळे भाषा कच्ची असलेल्यालाही आपली हुशारी दाखवायची संधी मिळाली.

आणि डॉक्टरांना माणूस नेमका कुठं अडतोय ते दिसू लागलं. समजा, एखादा रुग्ण शब्दांचे अर्थ झटक्यात सांगतो, पण चिन्हं भरताना फार मागे पडतो. याचा अर्थ त्याचं जुनं ज्ञान शाबूत आहे, वेग आणि एकाग्रता मंदावली आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना या चिन्हांच्या चाचणीत खूप त्रास होतो, हे पुढच्या संशोधनात वारंवार दिसलं. १९४५ मध्ये वेक्सलर यांनी स्मरणशक्तीसाठी वेगळी चाचणीही आणली.

सगळंच जमलं असं नाही. गुणांच्या चढउतारावरून थेट आजार ओळखता येईल, ही त्यांची आशा पुरी झाली नाही. कारण औदासीन्य, भीती, अपुरी झोप यांनीही गुण घसरतात. जिद्द आणि मनाची अवस्था कामगिरीवर परिणाम करते, हे खुद्द वेक्सलरच सांगत आले होते. शिवाय पहिल्या चाचणीची सरासरी प्रामुख्याने न्यूयॉर्कच्या गोऱ्या लोकांवरून काढलेली. ती जगाला कशी लागू होणार?

म्हणूनच ठिकठिकाणी स्थानिक आवृत्त्या निघाल्या. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीवरून आर्थर मालिन यांनी भारतीय मुलांसाठी चाचणी बनवली, तीही आपल्या नागपुरात, १९६९ साली.

१९६७ पर्यंत वेक्सलर बेलव्ह्यूमध्येच होते. १९८१ मध्ये ते गेले. आज मानसोपचारतज्ज्ञ एखाद्याला अशा चाचणीला पाठवतात, तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, किती मार्क पडले? खरं तर विचारायचं असतं ते हे, की काय शाबूत आहे आणि मदत कुठं लागणार आहे?