जामखेडच्या डॉक्टरीणबाई : डॉ. मेबल आरोळे

इंदूरच्या वाचकांना जामखेड हे नाव परके वाटू नये. ज्या अहिल्याबाई होळकरांचे नाव या शहराच्या ओठी सदैव असते, त्यांचा जन्म १७२५ साली चोंडी गावी झाला, आणि ते चोंडी जामखेड तालुक्यातच आहे. पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हा दुष्काळी मुलूख. तेथली एक लेक होळकरांच्या घरी आली आणि माळव्याची माता झाली. पुढे सुमारे दोनशे वर्षांनी जबलपूरला जन्मलेली एक मुलगी आपल्या बाजूने त्याच तालुक्यात गेली आणि तेथल्या हजारो लेकरांची आई झाली. तिचे नाव मेबल.

मेबल इमॅन्युएल यांचा जन्म २६ डिसेंबर १९३५ रोजी झाला. वडील जबलपूरच्या सेमिनरीत नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे प्राध्यापक होते. घरात पुस्तके होती, प्रार्थना होती आणि मुलीने शिकावे अशी इच्छाही होती. डॉ. आयडा स्कडर यांनी उभारलेल्या वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात मेबल दाखल झाल्या. तेथेच अहमदनगर जिल्ह्यातील सुपे गावचे रजनीकांत आरोळे शिकत होते. दोघेही हुशार होते. शहरात दवाखाना थाटला असता तर पैसा व मान दोन्ही मिळाले असते. परंतु १९६० साली विवाह करताना दोघांनी मिळून निश्चय केला की, आपले आयुष्य खेड्यातील गोरगरिबांसाठी द्यायचे.

१९६२ पासून चार वर्षे त्यांनी वडाळा येथील मिशन इस्पितळात काम केले. तेथे एक गोष्ट त्यांच्या मनाला टोचू लागली. धनुर्वाताने आकडलेले तान्हे बाळ, घटसर्पाने घसा बंद झालेले मूल, गोवरानंतर वाळून गेलेले पोर अशी मुले येत. काही वाचत, काही जात. जे वाचत ते पुन्हा त्याच घरी, त्याच विहिरीच्या पाण्यावर जात आणि काही दिवसांनी पुन्हा आजारी होऊन येत. बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते. इस्पितळ दारात आलेल्यांना बरे करीत होते, पण दारापर्यंत न पोहोचणाऱ्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दोघे अमेरिकेस गेले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून १९७० साली परत आले. त्याच वर्षी जामखेडला गुरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी काम सुरू केले.

त्या भागाची स्थिती फार वाईट होती. १९७१ मध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. लहान मुलांच्या लसीकरणाचा हिशेब केला, तर शंभरात एकाही मुलाला पूर्ण लस मिळालेली नव्हती.

लस उपलब्ध नव्हती एवढेच कारण होते काय? नाही. गोवर, कांजिण्या हा देवीचा कोप, त्याला सुई कशी चालेल, असा समज होता. सुई टोचल्यावर मुलाला ताप आला तर आई घाबरे आणि दुसऱ्या खेपेला मुलाला घेऊन शेतात निघून जाई. रोजगार बुडवून सुईसाठी थांबणे मजूर बाईला परवडत नसे. शिवाय वही घेऊन आलेला सरकारी माणूस गावाला परका होता. पुढे १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात देशात सक्तीच्या नसबंदीचे प्रकार घडले, तेव्हा तर आरोग्याच्या गाडीचा आवाज आला की लोक धास्तावत.

आरोळे दांपत्याने प्रथम शिकलेल्या परिचारिका गावोगाव ठेवून पाहिल्या. बेत चांगला होता, पण तो साधला नाही. बाहेरून आलेली तरुण मुलगी गावात एकटी कशी राहणार? आणि चार लेकरांच्या आईला बाळंतपणाच्या गोष्टी सांगू लागली तर ती बाई ऐकणार तरी का? तेव्हा निराळा मार्ग निघाला. गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी आणि तिला आरोग्याचे शिक्षण द्यावे. निवडल्या गेलेल्या पुष्कळशा बायका निरक्षर होत्या. काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या, काही दलित वस्तीतल्या. चार माणसांत स्वतःचे नाव सांगायलाही त्या कचरत. अशा बायकांना शिकवण्याची जबाबदारी मेबलबाईंनी घेतली.

त्यांची शिकवण्याची रीत आपल्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. एकदा शिबिर घेतले, प्रमाणपत्र दिले आणि संपले, असे त्यांनी केले नाही. या बायका आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, एक विषय शिकत आणि गावी परत जात. जे शिकल्या ते त्या घरोघर सांगत. पुढच्या आठवड्यात येऊन काय जमले, कोण काय म्हणाले, कोणत्या घराचे दार बंद झाले, ते सर्वांपुढे मांडत. मग त्या अडचणीवर सगळ्या मिळून विचार करीत. मेबलबाई त्यांच्यात बसून ऐकत, आणि कित्येकदा त्यांच्याकडूनच शिकत. परदेशी पदवी घेतलेल्या डॉक्टरीणबाईंना गावच्या अंधश्रद्धांची मुळे कोठे आहेत हे दुसरे कोण सांगणार होते?

यात जातीचा अडसर मोठा होता. वेगवेगळ्या जातींच्या बायकांना एकत्र जेवायचे होते, एकत्र झोपायचे होते. आरंभी त्यांचे अंग चोरले जाई. हळूहळू एकाच मोठ्या गोधडीखाली सगळ्या निजू लागल्या. ही गोष्ट लसीकरणापासून दूरची नाही. जी बाई दुसऱ्या वस्तीत पाऊल टाकीत नाही, ती त्या वस्तीतले मूल वहीत कसे मांडणार? ज्यांना लसीची सर्वांत जास्त गरज होती ती लेकरे नेमकी गावकुसाबाहेर होती.

शिकलेल्या बाईने गावी काय केले? कोणाच्या घरी बाळ जन्मले हे तिला त्याच दिवशी कळे. कोणते मूल कोणत्या महिन्याचे, हे ती ध्यानात ठेवी. परिचारिकांचे फिरते पथक येणार त्याच्या आदल्या दिवशी ती आयांना सांगून येई. सुईनंतर थोडा ताप येईल, दंड दुखेल, घाबरू नकोस, हे ती आधीच सांगे, आणि दुसऱ्या दिवशी बाळाला पाहायला पुन्हा जाई. हे दुसऱ्या दिवशीचे जाणे फार मोलाचे. त्यामुळे आईचा विश्वास टिके आणि पुढचा डोस चुकत नसे.

१९७६ पर्यंत तेथील शंभरपैकी सुमारे ८० मुलांना लस मिळू लागली होती आणि बालमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ वरून ५२ वर आले होते. हे सारे केवळ लसीमुळे झाले असे म्हणता येणार नाही. पिण्याचे स्वच्छ पाणी, मुलांचा आहार, स्वच्छ बाळंतपण या सर्वांचा त्यात वाटा होता. परंतु या प्रत्येक कामाच्या मागे तीच गावची बाई होती. आपल्या देशाचा विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाची थोरवी कळते.

१९७९ साली दोघा पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली पद्मभूषण. परंतु मेबलबाईंचा खरा सन्मान निराळाच होता. १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या एका मोठ्या परिषदेत जामखेडच्या एका ग्राम आरोग्य सेविकेने भाषण केले. सभागृहातील भारी दिव्यांकडे बोट दाखवून तिने सांगितले की, डॉक्टर हे अशा दिव्यांसारखे, सुंदर पण महागडे आणि पोहोचण्यास कठीण. आम्ही मात्र साध्या पणत्या आहोत, एका पणतीने दुसरी लागते. स्वतःचे नाव सांगताना कचरणाऱ्या स्त्रियांपैकीच ती एक होती.

१९९९ साली मेबलबाई प्रभूच्या विसाव्यात गेल्या. रजनीकांत आरोळे २०११ पर्यंत होते. भारत सरकारने २००५ नंतर गावोगाव आशा सेविका नेमल्या, त्या योजनेमागे जामखेडचा अनुभवही होता.

प्रिय वाचकहो, नेमणूक झाली म्हणजे विश्वास मिळाला असे नाही. १ एप्रिल २०२० रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात कोरोनाच्या तपासणीस गेलेल्या आरोग्य पथकावर दगड आले. त्या पथकातील दोन डॉक्टर भगिनी दुसऱ्याच दिवशी त्याच वस्तीत पुन्हा कामाला गेल्या. मेबलबाईंनी शिकवलेला धडा हाच : दार बंद झाले तरी पुन्हा जायचे, आणि का बंद झाले ते ऐकून घ्यायचे.

आपल्या मंडळीत हे काम करता येण्याजोगे आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना प्रत्येक घरातील मुले नावानिशी ठाऊक असतात. जन्मतः, मग सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात, पुढे नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि सोळा महिन्यांनंतर बाळाच्या लसी असतात. कोणाची राहिली, का राहिली, हे प्रेमाने विचारावे आणि वस्तीतील आशाताईंना कळवावे. बांधकामावरची, भाड्याच्या खोलीतली, वारंवार गाव बदलणारी कुटुंबे आपल्या पत्रकात नसतात. त्यांच्याकडे आधी जावे. लस दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्या आईकडे पुन्हा जाण्यास विसरू नये.